रात्रीचा पिवळा उजेड आणि पतंगवर्गीय किडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संत्रा, मोसंबी, डाळिंब पिकवणारे आणि पॉलिहाउसमध्ये फुलं घेणारे शेतकरी रात्रीच्या दिव्यांबद्दल जे विचारतात, त्याची ही उत्तरं आहेत. भर फळातला रस शोषणाऱ्या पतंगावर दिला आहे. फवारणीने हा पतंग आटोक्यात येत नाही आणि उजेडाने बऱ्याच अंशी येऊ शकतो, म्हणून.

पतंग तर दिव्यावर येतात. मग दिवा लावून ते बागेपासून दूर कसे राहतील?

उजेड पतंगावर दोन वेगळ्या तऱ्हांनी काम करतो आणि या दोन्हींची सरमिसळ होते, तिथेच बहुतेक गोंधळ सुरू होतो.

पहिली तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची. अंधारात एखादाच झगझगीत दिवा असला की पतंग त्याच्याभोवती घिरट्या घालतात. पूर्वी वाटायचं की ते दिव्याला चंद्र समजतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून २०२४ मध्ये वेगळं कारण मांडलं. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाच्या बाजूला ठेवतो. निसर्गात रात्रीही जमिनीपेक्षा आभाळ उजळ असतं, त्यामुळे वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला असं कळतं. बाजूला दिवा आला की तो पाठ दिव्याकडे कलती करतो, त्याचा मार्ग वळतो आणि तो तिथेच फिरत राहतो. दिवा खाली असेल तर काही कीटक उलटे होऊन पडतात. प्रकाश सापळा याच गोष्टीचा फायदा घेतो.

दुसरी तऱ्हा कमी लोकांना ठाऊक आहे. निशाचर पतंगाचा डोळा दिवसा एका अवस्थेत असतो, रात्री दुसऱ्या. अंधार पडू लागला की डोळ्यातलं रंगद्रव्य सरकतं आणि अनेक नेत्रिकांतून (डोळ्यातल्या बारीक भिंगांतून) आलेला अंधुक उजेड एका जागी गोळा होतो. या बदलाला साधारण अर्धा तास लागतो. त्यानंतर पतंग उडायला, खायला, जोडीदार शोधायला आणि अंडी घालायला निघतो. संपूर्ण बागेत सारखा पसरलेला सौम्य उजेड असेल तर हा बदल होतच नाही, झाला असेल तर मागे फिरतो. पतंगाच्या लेखी अजून दिवसच असतो. तो पानाआड बसून राहतो किंवा त्या जागेत शिरत नाही.

एका ठिकाणचा प्रखर दिवा पतंग ओढतो, सगळीकडे पसरलेला पिवळा उजेड त्याला थोपवतो.

रस शोषणारा पतंग ओळखायचा कसा?

रात्री नऊनंतर विजेरी घेऊन बागेत जा. दिवसा तो सापडत नाही. चांगला मोठा पतंग आहे, पंख पसरले तर आठ-दहा सेंटीमीटर भरतो. पुढचे पंख वाळक्या पानासारखे तपकिरी, मागचे नारिंगी आणि त्यांवर काळे डाग. फळावर बसलेला असताना त्याचे डोळे विजेरीच्या उजेडात चमकतात.

त्याची सोंड टणक असते आणि टोकाला दातेरी. पिकायला आलेल्या फळाच्या सालीला तो टाचणीएवढं भोक पाडतो आणि रस पितो. तेवढ्याने फळाचं फार बिघडलं नसतं, पण त्या भोकातून बुरशी आणि जिवाणू आत जातात. भोकाभोवती साल मऊ पडते, दाबली की रस येतो आणि काही दिवसांत फळ गळतं. या तयार भोकांवर दुसरे, कमजोर सोंडेचे पतंगही येऊन जेवतात. सकाळी झाडाखाली फळांचा सडा दिसला की अनेक जण ती बुरशीची फळगळ समजून बुरशीनाशक फवारतात. खाली पडलेली दहा-वीस फळं उचलून नीट पाहा, भोक सापडेल.

आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतात. त्याआधी फळ रंग धरू लागतं तेव्हाच, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी, या पतंगाचा जोर असतो.

याच्यावर औषध का मारू नये?

कारण त्याची अळी तुमच्या बागेत नसतेच. ती गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींवर वाढते, कुंपणाला, नाल्याकाठी, जंगलात. पतंग रात्री बाहेरून येतो, रस पितो आणि पहाटेआधी निघून जातो. सालीवर मारलेलं आंतरप्रवाही नसलेलं, म्हणजे आत न भिनणारं औषध त्याच्या पोटात जवळजवळ जात नाही, कारण तो साल खात नाही, आतला रस पितो. वर तोडणी तोंडावर आलेली असते, म्हणजे अवशेषांचा प्रश्न. ज्या फळावर एवढा खर्च केला ते शेवटच्या महिन्यात विषारी करून बाजारात पाठवावं, हे मला पटत नाही.

बांधावरची गुळवेल काढा अशी शिफारस असते. बागेला लागून असलेल्या वेली काढायला हरकत नाही. पण रानातली गुळवेल समूळ तोडत सुटू नका. ती औषधी आहे, आणि पतंग दूरवरून येऊ शकतो, त्यामुळे फायदाही थोडाच.

ही पद्धत आली कुठून?

जपानमधून. तिथे नाशपाती आणि पीचच्या बागांना आपल्याकडच्यासारखेच रस शोषणारे पतंग छळतात. १९६० च्या दशकापासून त्या बागांत पिवळ्या नळ्या लावल्या जाऊ लागल्या. पुढे १९९० च्या दशकात हीच युक्ती शेवंती, कार्नेशन आणि तिथली पानभाजी शिसो यांच्यावर आली, पण वेगळ्या किडींसाठी: घाटे अळी आणि तंबाखूवरची पाने खाणारी अळी. या दोन्ही आपल्याकडेही हरभरा, टोमॅटो, सोयाबीन, कापूस खातात. नळ्यांच्या जागी आता एलईडी आले आहेत.

पिवळाच का? घरातला पांढरा एलईडी चालणार नाही?

नाही. पतंगाच्या डोळ्याला अतिनील, निळा आणि हिरवा हे तीन पट्टे प्रामुख्याने जाणवतात. त्यातले अतिनील आणि निळा त्याला जोरात ओढतात. पिवळा उजेड, साधारण ५८० ते ५९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, त्याच्या हिरवा ओळखणाऱ्या पेशींना पुरेसा जाणवतो, म्हणून डोळा दिवसाच्या अवस्थेत राहतो. पण ओढ फारशी लागत नाही. हे दोन्ही एकत्र हवं असतं.

पांढरा एलईडी आतून निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळसर लेप देऊन त्याचा पांढरा केलेला असतो. म्हणून त्याच्या उजेडात निळ्याचा ठळक वाटा राहतो. दुकानात वॉर्म व्हाइट नावाने मिळणारा दिवा डोळ्याला पिवळट दिसतो, त्यातही निळा असतोच, कमी इतकंच. बागेत पांढरे दिवे लावले तर तुम्ही आजूबाजूच्या शिवारातले पतंग घरी बोलावून घ्याल.

पिवळा म्हणजे चिपच पिवळी असलेला एलईडी घ्या, बॉक्सवर नॅनोमीटर लिहिलेले पाहून. पांढऱ्या बल्बला पिवळा जिलेटीन कागद गुंडाळण्याचा जुगाड चाचणीपुरता ठीक आहे. कागद उन्हापावसात फिकट झाला की निळा पुन्हा बाहेर येतो.

एकरी किती दिवे लागतील?

बागेतल्या प्रत्येक फळापाशी, झाडाच्या सावलीच्या बाजूलाही, किमान १ लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पोचला पाहिजे. अंदाज यावा म्हणून: पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड ०.१ ते ०.३ लक्सच्या आसपास असतो. म्हणजे चांदण्याच्या काही पट, पण वाचायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ कमी.

हिशेब असा. ८०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) दिवा चहूबाजूंना सारखा उजेड टाकत असेल तर ४ मीटरवर ४ लक्स मिळतात आणि ८ मीटरवर जेमतेम १. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. दिवे १२-१२ मीटरवर चौकोनात लावले तर एकरात सुमारे २८ बसतात, आणि चार दिव्यांच्या मधोमध चौघांचाही उजेड मिळून १ लक्सच्या वर जातो. हे उघड्या मैदानाचं गणित झालं. डेरेदार संत्र्यात पानं उजेड अडवतात, म्हणून दिवा झाडाच्या शेंड्याहून मीटर-दीड मीटर उंच हवा आणि दाट बागेत अंतर कमी हवं.

मोबाइलवरचं लक्स मापायचं ॲप इतक्या कमी उजेडात भरवशाचं नसतं. साधा लक्स मीटर गावातल्या चार जणांनी मिळून घ्यावा. फळाशेजारी धरून, दिव्याकडे पाठ असलेल्या बाजूनेही मोजा. काळोखी जागा राहिली तर पतंग नेमके तिथेच जमतात.

किती वाजता लावायचे?

सूर्यास्तापूर्वी. पतंगाचा डोळा अंधाराला सरावण्याआधी उजेड असला पाहिजे. आठ वाजता आठवण झाली म्हणून लावले तर सुरुवातीचे तास वाया गेले म्हणा. आणि पहाट उजाडेपर्यंत चालू राहिले पाहिजेत. संध्याकाळी चार तास लावून बंद करणं हे प्रकाश सापळ्याचं वेळापत्रक आहे, इथलं नव्हे. उजेड कमी होऊ लागताच दिवे लावणारा सेन्सर बसवला की माणसाची आठवण लागत नाही.

फळ रंग धरू लागण्याच्या जरा आधी सुरुवात करा, तोडणी संपली की बंद. वर्षभर लावायची अजिबात गरज नाही.

वीज रात्रभर कुठून आणायची?

खर्च दिसतो तितका नाही. १० वॉटचे ३० दिवे रोज १२ तास चालले तर ३.६ युनिट, ४५ रात्रींचे मिळून १६० युनिटच्या आसपास. अडचण पुरवठ्याची आहे. शेतीपंपाच्या फीडरला वीज अनेक ठिकाणी पाळीपाळीने मिळते, एक आठवडा दिवसा तर पुढचा रात्री. तीवर हे दिवे चालणार नाहीत. घराच्या सिंगल फेजवरून लाइन नेता येत असेल तर उत्तम, नाहीतर सौर पॅनल आणि बॅटरी. बॅटरी निवडताना ढगाळ दिवस धरा, कारण नेमका परतीच्या पावसाचा काळ असतो.

एक कळकळीची विनंती. ओल्या बागेत २३० व्होल्टची उघडी जोडणी करू नका. १२ व्होल्टची लाइन, पाणी न शिरणारे दिवे आणि मेनला ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). फळबागेसाठी माणूस जायला नको.

प्रकाश सापळा आणि पिवळे दिवे दोन्ही लावले तर?

लावता येतात, पण एकमेकांपासून दूर. पिवळ्या उजेडातला सापळा कमी पतंग धरतो, कारण आसपासचे पतंग उडतच नाहीत.

मुळात सापळ्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरवा. कोणता पतंग कधी आला आणि किती आला, हे कळायला सापळा उत्तम. पतंग मारून पीक वाचवायला तो एकटा बहुधा पुरत नाही. त्याच्याकडे ओढलेले सगळे आत पडत नाहीत. जे पडत नाहीत ते शेजारच्या झाडांवर बसून अंडी घालतात किंवा फळ टोचतात. म्हणून सापळा पिकाच्या मधोमध न लावता कडेला, थोडा बाहेर लावावा. पौर्णिमेच्या आसपास पकड घटते, तेव्हा कीड कमी झाली असं समजू नका.

संध्याकाळी साधारण सातला लावून दहा-अकरापर्यंत बंद करा. रात्रभर चालणारा सापळा मित्रकीटकही गोळा करतो. विजेच्या जाळीचे, कीटक जाळणारे दिवे तर घेऊच नका. अमेरिकेत डेलावेअरमध्ये १९९६ साली अशा दिव्यांखाली मेलेले कीटक मोजले होते. १३,७८९ पैकी चावणारे फक्त ३१ निघाले.

मुळं खाणाऱ्या हुमणीची गोष्ट वेगळी आहे. तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर जमिनीतून निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्या थोड्या दिवसांत गावाने मिळून लावलेले सापळे खरोखर उपयोगी पडतात.

कापसावरच्या गुलाबी बोंडअळीला चालेल का?

मोकळ्या कपाशीच्या शेतात मी पिवळे दिवे सुचवणार नाही. एकरांची पसरट शेती, झाडागणिक मिळणारं उत्पन्न कमी, खर्च निघत नाही. गुलाबी बोंडअळीच्या पतंगाचं मीलन मध्यरात्र उलटल्यावर होतं, त्यामुळे दहाला बंद होणारा प्रकाश सापळाही तिला पुरता लागू पडत नाही. तिथे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर ओढणारे), फरदड (जुन्याच झाडांवर लांबवलेलं पीक) न घेणं आणि जिनिंगच्या आवारात सापळे लावणं हाच रस्ता. मक्यावरच्या लष्करी अळीबद्दलही पसरट शेतीचा मुद्दा तसाच लागू.

पिवळा उजेड परवडतो तो कमी जागेत जास्त किमतीचा माल असतो तिथे: पॉलिहाउस, शेडनेट, रोपवाटिका आणि तोडणीला आलेली फळबाग.

दिव्यांमुळे पिकाचं नुकसान होतं का?

काही पिकांचं होतं, आणि हे आधी तपासलं नाही तर कीड परवडली असं वाटेल.

शेवंती लहान दिवसाचं पीक आहे. लांब, अखंड अंधार मिळाला तरच तिला कळ्या येतात. आपल्याकडचे पॉलिहाउसवाले याच गुणाचा वापर करून दिवे लावून फुलोरा पुढे ढकलतात. तिथे कळी धरायच्या काळात रात्रभर पिवळा उजेड दिला तर फुलं लांबतील. जपानमध्ये यावर दोन उपाय निघाले: हिरवा उजेड, आणि क्षणाच्या लहान अंशापुरता पेटून त्याहून जास्त वेळ बंद राहणारा पिवळा एलईडी. पतंगाच्या डोळ्याला तो पुरतो, झाडाला मात्र एकूण उजेड कमी मिळतो.

सोयाबीन आणि भातही असेच. रस्त्यावरच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकी शेत पिवळं पडलं तरी हिरवंच उभं दिसतं, ते यामुळेच. बागेचे दिवे शेजारच्या सोयाबीनवर पडणार असतील तर त्यांना झाकण लावा. उलट ड्रॅगनफ्रुटला लांब दिवस मानवतो, व्हिएतनाममध्ये बिगरहंगामी फुलांसाठी रात्री दिवेच लावतात. तिथे पतंगासाठी लावलेला दिवा बहारही बदलू शकतो. संत्रा-मोसंबीचा बहार आपण पाण्याच्या ताणावर धरतो, आणि फळ पिकण्याच्या काळातल्या या सौम्य उजेडाची तिथे शेवंतीसारखी धास्ती नाही.

पतंगांना उजेडाची सवय होणार नाही का?

प्रश्न रास्त आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या परिसरात एका लहान पतंगाच्या अळ्या उजळ शहरी आणि काळोख्या भागांतून आणून एकसारख्या वाढवल्या. शहरी वंशाचे पतंग दिव्याकडे कमी आले. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे दिव्याकडे ओढ घेणं पिढ्यांच्या निवडीने घटू शकतं, आणि सापळ्यावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पिवळ्या उजेडात मात्र पतंग मरत नाही, त्यामुळे निवडीचा दाब सापळ्याइतका थेट नसतो. रस शोषणाऱ्या पतंगाची पैदास तर रानातच होते आणि तिथे दिवे नसतात.

रात्रीच्या बाकी जीवांचं काय?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. तो सगळ्यांनी विचारायला हवा.

स्विस कुरणांतल्या एका प्रयोगात रात्री दिवे लावल्यावर फुलांना भेट देणारे निशाचर परागसिंचक ६२ टक्क्यांनी घटले, आणि त्यातल्या एका वनस्पतीची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली. दिवसाचे कीटक ती तूट भरून काढू शकले नाहीत. नेदरलँड्समधल्या एका पतंगावरच्या प्रयोगात अंधारात निम्म्याहून जास्त माद्यांचं मीलन झालं, तर हिरव्या आणि पांढऱ्या उजेडात २० टक्क्यांहून कमी माद्यांचं. किडीच्या बाबतीत हेच आपल्याला हवं असतं. पण उजेड कीड आणि निरुपद्रवी पतंग असा भेद करत नाही. वटवाघळं, घुबडं, काजवे सगळ्यांच्या रात्रीत आपण हात घालतो.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. दिव्याला वरून टोपी हवी, उजेड आभाळात जाऊ नये. तो बागेच्या हद्दीबाहेर, ओढ्याकडे किंवा रानाकडे पडू नये. हंगाम संपला की दिवे उतरवावेत. आणि भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची यांसारख्या ठिकाणी, जिथे पावसाआधी काजव्यांनी झाडं लखलखतात, तिथे मे-जूनमध्ये रात्रीचे दिवे लावूच नयेत. काजवा उजेडाच्या खुणेवरच जोडीदार शोधतो.

माझ्या बागेतून हटलेले पतंग शेजाऱ्याकडे जातील ना?

काही जातील. शेजाऱ्याला आधी सांगा. फळ एकाच वेळी पिकत असेल तर दोघांनी मिळून लावलेले दिवे खर्चालाही हलके पडतात, कारण सामाईक बांधावरची रांग दोघांना उपयोगी येते.

निळा उजेड कीटक मारतो असं वाचलं, ते खरं का?

प्रयोगशाळेत खरं आहे. जपानच्या तोहोकु विद्यापीठाने २०१४ मध्ये दाखवलं की तीव्र निळ्या उजेडाने फळमाशी आणि डासाचे कोष मरतात. पण तो उजेड जवळून आणि सतत द्यावा लागतो. बागेत निळा दिवा लावलात तर पतंग फक्त जमा होतील.

अळी आधीच लागली असेल तर दिव्याने जाईल?

नाही. झाडावरच्या अंड्यांवर किंवा अळीवर या उजेडाचा उपयोग नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे, कोळी यांच्यासाठीही हा उपाय नाही. पॉलिहाउसमध्ये लागवडीच्या दिवसापासून दिवे हवेत आणि जाळीची भोकं आधी बुजवलेली हवीत. आणखी एक धोका: दिवे लागल्यावर आतल्या कामगंध सापळ्यात नर कमी येतात. तो आकडा पाहून निर्धास्त होऊ नका, पानं उलटून अंडी शोधा.

पहिल्या वर्षी किती मोठी सुरुवात करावी?

अख्ख्या बागेला दिवे घेऊ नका. एका टोकाला झाडांचा एक चौकोन निवडा, त्यावर पुरेसा उजेड मोजून दिवे लावा, आणि तितकाच दुसरा चौकोन दूर, तशाच झाडांचा, अंधारात ठेवा. मधली काही झाडं मोजणीतून वगळा, तिथे अर्धवट उजेड असतो. दोन्हीकडे रोज सकाळी गळालेली फळं उचला, भोक असलेली वेगळी मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. उचललेली फळं खड्ड्यात पुरा. ती तशीच राहिली तर त्यांच्या वासाने पतंग पुन्हा येतात आणि दोन्ही चौकोनांचे आकडे बिघडतात. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान आठवड्यातून एक-दोनदा विजेरीने फळांवर बसलेले पतंगही मोजा, विजेरीवर लाल कागद लावून. तोडणी झाली की वाचलेल्या फळांची किंमत एकीकडे आणि दिवे, तार, वीज दुसरीकडे मांडा, मग पुढच्या बहाराला किती ओळी वाढवायच्या ते ठरवा.